हापशाला शेंदूर

पुण्याहून निघताना माझ्याजवळ एक वळकटी होती आणि एक लांबलचक पत्र्याचं नळकांडं. वळकटीत चार साड्या होत्या, नळकांड्यात शंभर कवट्या. कवट्या माझ्याच हातच्या. आरोग्याच्या प्रचाराची चित्रं काढणाऱ्या एका कचेरीत मी चित्रकार होते. माशी, डास, नारू, जेवणाआधी हात धुणारी आई, सगळं मीच काढायची. त्या आईचा चेहरा माझ्या मावशीसारखा उतरतो आणि माशीचा आमच्या साहेबांसारखा, असं कचेरीत बोललं जायचं. साहेबांच्या कानावर ते गेलं असावं. नाहीतर ऐन उन्हाळ्यात, ऐन दुष्काळात मला लातूरला कोण पाठवणार?

कामगिरी अशी होती. विहिरी आटल्या म्हणून तिकडे गावोगाव खोल बोअर घेऊन हापसे (हातपंप) बसवले होते. काही ठिकाणी खोल दगडातून जे पाणी वर आलं त्यात फ्लोराइड नावाचा क्षार फार निघाला. लहानपणी ते पाणी पोटात गेलं की दातांवर तपकिरी पट्टे उठतात. वर्षानुवर्षं प्यायलं की सांधे आणि पाठीचा कणा ताठतो. दिसायला मात्र ते पाणी नितळ असतं आणि त्याला वास येत नाही. म्हणजे लोकांना भीती घालायला अगदीच गैरसोयीचं. म्हणून साहेबांनी कवटी सुचवली आणि मी ती काढली. खाली दोन हाडं, वर लिहिलं ‘सावधान!’. उद्गारचिन्ह मला फार छान जमलं होतं.

कुर्डुवाडीला मोठी गाडी सोडून लातूरच्या छोट्या गाडीत बसले. ही गाडी निघते तेव्हा ती निघाली आहे हे कुणीतरी सांगावं लागतं. समोर एक फेटेवाले आजोबा होते. त्यांचं लक्ष माझ्या नळकांड्यावर.

“ह्यात काय, बंदूक हाय का?”

मी एक चित्र काढून उलगडून दाखवलं. आजोबांनी मान हलवली. “ह्ये तर इजेच्या खांबावर असतंय.”

“हे पाण्याबद्दल आहे, आजोबा.”

“पान्यात करंट सोडला का सरकारनं?”

मी त्यांना फ्लोराइड, दात, हाडं सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. बार्शीला उतरल्यावर खिडकीशी येऊन ते म्हणाले, “जपून ऱ्हावा बाई. करंट लई वाईट.” मला तेव्हा हसू आलं. ते हसू मी जपून ठेवायला हवं होतं, कारण पुढे दोन दिवस लागलं असतं.

लातूरला जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती, पण गावाचा जिल्हेपणा अजून ओला होता. कालपर्यंत नुसतं ‘भांडी भांडार’ असलेलं दुकान आता ‘जिल्हा भांडी भांडार’ झालेलं. न्हाव्यानेही पाटीवर ‘जिल्हा’ घालून घेतला होता. पाणी सोडून सगळं नवीन होतं. लॉजच्या मॅनेजरनं खोलीची किल्ली आणि एक बादली एकदमच पुढे केली. “ह्यात आंघोळ करा न्हाईतर कपडे धुवा. दोन्ही करायचं असंल तर सोलापूरला जा.”

दुसऱ्या दिवशी माझे दोन सोबती भेटले. पाणी तपासणारे सोनकांबळे हे मुदखेडकडच्या एका खेड्यातले, बौद्ध वस्तीत वाढलेले, घराण्यातले पहिले पदवीधर. बाटल्यांची लाकडी पेटी ते मांडीवरून खाली ठेवत नसत. कामाचं बोलताना पुस्तकी मराठी बोलत, चिडले की मुदखेडची. जीप चालवणारे हबीबभाई नांदेडचे. ते कशावरच चिडत नसत. माझ्या कवट्या पाहून त्यांनी एवढंच विचारलं, “आपा, इसमें अच्छी खबर कौनसी हाय?”

अहमदपूरच्या रस्त्याला लागलो. दोन्हीकडे भेगाळलेलं काळं रान, मधून बोडक्या टेकड्या, आणि त्यात बाभळी तेवढ्या हिरव्या. अहमदपूरच्या एसटी स्टँडसमोर नाश्त्याला थांबलो. हॉटेलवाल्यानं विचारलं, “सुशीला देऊ का?” मी म्हटलं, “कोण सुशीला?” हबीबभाई हसून हसून जीपला टेकले. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांना कांदा-मिरचीची फोडणी देऊन केलेला नाश्ता. वर शेंगदाण्याचं कूट. मी दोन बशा खाल्ल्या. पुण्यात ह्या सुशीलेची कुणाला ओळख नाही, हे पुण्याचं दुर्दैव.

मुक्काम अहमदपुरातच ठेवून आम्ही नेमून दिलेल्या गावी पोचलो. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या मुलींची अजून लग्नं व्हायची आहेत.

गाव दोन भागांत होतं. वरच्या अंगाला जुनी दगडी विहीर आणि मोठी घरं. खालच्या अंगाला बौद्ध वस्ती, आणि वस्तीच्या तोंडाशीच तो हापसा. जीप वरच्या अंगाला मन्मथअप्पांच्या किराणा दुकानासमोर थांबली. अप्पा लिंगायत, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. विहीर त्यांच्याच परसाला लागून होती. त्यांनी आमची आस्थेनं चौकशी केली, गावं विचारली, मग आडनावं विचारली. मग चहा आला. मला कपबशीत. हबीबभाईंना आणि सोनकांबळ्यांना काचेच्या ग्लासात. आम्ही तिघांनी तो मुकाट्यानं फुंकत फुंकत संपवला.

“हापसा बघायचा होता,” मी म्हटलं.

“बगा की. मंगळवार हाय आज, गर्दी असंल,” अप्पा म्हणाले. हापशाचा आणि मंगळवारचा संबंध मला कळला नाही.

खाली गेल्यावर कळला. महिन्यापूर्वी आमच्याच खात्याची माणसं येऊन त्या हापशाला तांबडा रंग देऊन गेली होती. तांबडा म्हणजे धोका, पिऊ नका. आता त्या तांबड्यावर हळदीकुंकवाचे थर होते, दांड्याला हिरव्या बांगड्या, तळाशी लिंबं आणि फुटलेल्या नारळाच्या करवंट्या. वरच्या अंगाच्या बायका चांगल्या साड्या नेसून रांगेत उभ्या होत्या. एकजण तांब्यातलं पाणी तळहातावर घेऊन लेकराच्या तोंडात सोडत होती.

“तीर्थ हाय,” ती मला म्हणाली. “घ्या.”

बाजूच्या कट्ट्यावर एक म्हातारी बसून हा सोहळा बघत होती. तिचं नाव धुरपताबाई. वस्तीतलं पहिलं घर तिचं. तिला मान वळवता येत नव्हती. कुणाकडे बघायचं झालं की ती कमरेपासून सगळीच वळायची आणि त्यामुळे तिनं नुसतं बघितलं तरी उलटतपासणी सुरू झाल्यासारखं वाटायचं.

“ही कसली पूजा, आजी?”

“हापसाईची.”

“कुणी सुरू केली?”

“तुमीच की! सरकारची मानसं आली, शेंदूर फासला, गप निगून गेली. ज्याला शेंदूर लागला त्यो देव. तुमी फासला, वरच्या बायांनी पुजला.”

“आणि तुम्ही?”

“आमी कवाच देव सोडले. आमी नुसतं पेतो.”

सोनकांबळे पुढे झाले. “आजी, तो शेंदूर नाही, ऑइलपेंट आहे. हे पाणी पिऊ नका असा त्याचा अर्थ.”

“मंग लिवायचं व्हतं तसं.”

“लिहिलंय.” त्यांनी बोटाच्या नखानं कुंकू खरवडलं. खाली ‘पिण्यास’ असा शब्द निघाला. पुढचा ‘अयोग्य’ निघेना. नेमका त्याच्यावरच महिनाभर नारळ फुटत आला होता.

मग मी माझं नळकांडं उघडलं. एक कवटी कट्ट्यामागच्या कडुलिंबाच्या झाडाला ठोकली, एक हापशालाच चिकटवली. बायका लांब सरकल्या. कुणीतरी “अग बाई” म्हटलं. मी समाधानानं जीपमध्ये बसले. चित्रकाराच्या आयुष्यात असे क्षण कमी येतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आलो तर हापशाभोवती चिटपाखरू नाही. गाव लांब उभं. एक माणूस वाळक्या काठीनं दांड्याला हलकेच टोचून मागे उडी मारत होता. मला वाटलं, जिंकलो. इतक्यात सायकलवरून वायरमन आला. गावानं सकाळीच निरोप पाठवून त्याला बोलावलं होतं. त्यानं खिशातून टेस्टर काढला, दांड्याला लावला, कट्ट्याला लावला, अगदी पाण्याच्या धारेतही धरला. मग गावाकडे वळून त्यानं जाहीर केलं, “करंट न्हाई! बिनघोर प्या!”

गाव हापशावर कोसळलं. रात्रभर कुणी पाणी भरलं नव्हतं, तेव्हा तहान सगळ्यांनाच होती. वायरमनला पहिला तांब्या दिला. त्यानं तो घटाघटा पिऊन माझ्याकडे बघितलं. लोकांना उगीच घाबरवणाऱ्या बाईकडे सुशिक्षित माणूस बघतो तसं.

“आपा,” हबीबभाई म्हणाले, “खोपडी फेल.”

दुपारी लिंबाच्या सावलीत सोनकांबळ्यांनी वस्तीतल्या लोकांना बसवलं. ते फार चांगलं बोलले. पाणी किती खोलवरून येतं, त्यात काय विरघळतं, ते शरीरात कसं साठतं. एक बाई म्हणाली, “उकळून पेऊ की मंग. नर्सबाई तसंच सांगती.”

“मीठ टाकलेलं पाणी उकळलं तर मीठ जातं का? तसंच हे. उलट पाणी आटतं आणि ते राहतं.”

हे लोकांना पटलं. माना हलल्या. मग धुरपताबाईंनी सगळं अंग त्यांच्याकडे वळवलं.

“म्हंजे ह्ये पानी प्यायचं न्हाई.”

“नाही.”

“मंग कुठलं प्यायचं?”

“वरच्या विहिरीचं. ते मी तपासलंय. थोडं आहे, पण चांगलं आहे.”

माना हलायच्या थांबल्या. कुणीतरी खोकलं. धुरपताबाई सावकाश बोलायला लागल्या.

“माज्या सासूनं त्या इहिरीखाली दीस दीस बसून काडले. वरून कुनाला दया आली की वतायचे घागरीत, लांबून. मी नवी नवरी आले ती तिच्याशेजारी बसाया. इहिरीतला गाळ काडायला आमची मानसं चालत व्हती. पानी न्यायला न्हाई. मागच्या मोठ्या दुस्काळात ह्यो हापसा आला. आमच्या दारात आला. तवापून कुनाच्या त्वांडाकडं बगायचं काम ऱ्हायलं न्हाई. आन आता सांगायलाव, पानी वाईट झालं. बरं आमच्याच दारातलं वाईट झालं?”

“आजी, तसं नाही. हा क्षार...”

“तुजं आडनाव काय म्हनालास?”

“सोनकांबळे.”

“आन तू सांगायलास मला? इहिरीवर जा म्हनून?”

सोनकांबळ्यांनी बाटल्या पेटीत भरल्या. एक बाटली दोनदा भरायचा प्रयत्न केला, ती खाचेत बसेना. सभा आपोआपच उठली. अहमदपूरच्या स्टँडजवळ जीप थांबल्यावर ते म्हणाले, “माझी आईबी तशीच बसायची, म्याडम. मला कडेवर घेऊन. मला आठवतंय ते. आन मी आज तिथं उभा राहून बाटल्या दाखवून राहिलो होतो.” ते मुदखेडची मराठी बोलत होते, पण चिडलेले दिसत नव्हते. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. मीही माझ्या उद्गारचिन्हाबद्दल कुणाशी बोलले नाही.

खरं सांगायचं तर सकाळी परत जावं असं आमच्यापैकी कुणालाच वाटत नव्हतं. हबीबभाईंनी जीप सुरू केली म्हणून गेलो. सोनकांबळ्यांनी पेटी जीपमध्येच ठेवली. मी नळकांडं आणलंच नव्हतं, फक्त चित्रांची वही होती. काही काम नसलं की मी समोर दिसेल ते काढत बसते, ती माझी खोड आहे.

समोर धुरपताबाईंच्या दोन नाती होत्या. थोरली इथेच वाढलेली, अकरा-बारा वर्षांची. धाकटी रांगत होती तेव्हापासून नांदेडला मावशीकडे, कारण घरात दोघींचं करायला माणूस नव्हतं. ती सुट्टीसाठी आदल्या संध्याकाळच्या एसटीनं आली होती. दोघी अंगणात बसून गोटी आंबे चोखत होत्या आणि कोपरापर्यंत ओघळणाऱ्या रसावरून एकमेकींना हसत होत्या. मी त्यांचं हसणं काढलं. चांगलं उतरलं.

धुरपताबाई मागून येऊन बघत होत्या. “चांगलं काडलंस,” त्या म्हणाल्या. मग, “पर थोरलीचे दात असे घान कामून (का) काडलेस?”

“आहेत तसे काढले, आजी.”

“दुसरीचे चांगले काडलेस की!”

“तेही आहेत तसेच काढलेत.”

त्यांनी वही माझ्या हातातून घेतली. नातींजवळ गेल्या, खाली बसल्या आणि दोघींच्या हनुवट्या दोन हातांत धरल्या.

“आ कर ग. तूबी कर.” बराच वेळ त्या बघत राहिल्या. मग थोरलीला म्हणाल्या, “मिसरी लावती का ग चोरून?” (मिसरी म्हणजे दातांना चोळायची भाजलेली तंबाखू.)

“न्हाई ग आज्जी!”

“खरं सांग.”

“तुजी शपथ.”

त्या सोनकांबळ्यांकडे वळल्या, कमरेपासून. आज त्यांनी एकही व्याख्यान दिलं नव्हतं. ते नुसते उभे होते. धुरपताबाईंनी विचारलं, “नांदेडात कुठलं पानी असतंय?”

“नळाचं. गोदावरीतलं,” ते म्हणाले.

धुरपताबाई उठल्या आणि त्यांनी वस्तीत आवाज दिला. पोरांना बोलावलं, पोरींना बोलावलं. “आ करा रं!” एकेकाचं डोकं मागे करून तोंडात डोकावल्या. मग त्यांच्या आयांना विचारायला सुरुवात केली. ह्यो कुठं जलमला? ही किती साल मामाकडं व्हती? वीटभट्टीवर तुमी कवा गेलाव, तवा ह्यो केवडा व्हता? मी पुण्याहून शंभर चित्रं आणली होती आणि सोनकांबळ्यांनी पेटीभर बाटल्या. त्या दुपारी ज्या प्रश्नांनी वस्ती हादरली त्यातला एकही आमचा नव्हता. उन्हं उतरेपर्यंत वस्तीतला एकही जबडा बघायचा राहिला नाही. लहानपणी बाहेरगावी राहिलेल्यांचे दात पांढरे, हापशावर वाढलेल्यांचे तपकिरी, असं एकेक करत निघालं. हबीबभाईंनासुद्धा तोंड उघडावं लागलं. “पान कमी खा,” असा निकाल त्यांना मिळाला.

शेवटी त्या कट्ट्यावर बसल्या. “दात गेले तर गेले. आनखी काय व्हतंय?”

सोनकांबळे त्यांच्याजवळ खाली बसले. “हाडं ताठतात, आजी. पाठ वाकत न्हाई. मान वळत न्हाई.”

“माजी?”

“सांगता येत न्हाई. त्यानं असंल.”

“म्हातारपनानं बी असंल.”

“असंल.”

मग त्या म्हणाल्या, “सकाळी या. तिघंबी.”

सकाळी गेलो तेव्हा धुरपताबाई पुढे आणि वस्तीतल्या नऊ-दहा बायका घागरी घेऊन त्यांच्या मागे, अशा निघायच्या तयारीत होत्या. त्यांच्या मागोमाग वर पोचलो. विहिरीवर मन्मथअप्पांच्या पत्नी महानंदाबाई आणि आणखी काही बायका पाणी शेंदत होत्या. आम्हाला बघून रहाट थांबला. अप्पा दुकानाच्या पायरीवर आले. वस्तीतल्या बायकांपैकी मागच्या दोघी तिथेच थबकल्या.

धुरपताबाई थांबल्या नाहीत. सरळ विहिरीच्या काठावर जाऊन उभ्या राहिल्या.

“महानंदा, त्या हापशाचं पानी लेकरांना पाजू नगा. दात जात्यात. हाडं धरत्यात. ह्या मास्तरानं तपासलंय, आन मी सवता बगितलंय. तुज्या नातवाच्या त्वांडात बगून घे. तीर्थ पाजायलीस त्याला.”

महानंदाबाईंचा चेहरा उतरला. ती तळहातावरून पाणी पाजणारी बाई त्यांची सून होती. “आन दुसरं आसं,” धुरपताबाई पुढे म्हणाल्या, “महिनाभर तुमी आमच्या दारात येऊन नारळ फोडलाव. आमी नगं म्हनलो का? आता आमी तुमच्या इहिरीवर आलाव.”

इथे मी मध्ये पडले. मध्ये पडायचं काही कारण नव्हतं. पण शांतता मला सहन होत नाही आणि पुण्याच्या बाईनं पहिलं पाणी शेंदलं तर अवघडलेपण मोडेल असं काहीतरी माझ्या डोक्यात आलं. मी पुढे होऊन रहाटाचा दोर हातात घेतला, पोहरा आत सोडला, आणि दोर इतक्या वेगानं पळाला की हात भाजला म्हणून मी तो सोडून दिला. दोराचं टोक बांधलेलं नव्हतं. खालून ‘डुब्’ असा आवाज आला. गावात पोहरा एकच होता.

सगळ्या बायका माझ्याकडे बघत राहिल्या. वरच्या आणि खालच्या, दोन्ही.

“आता आनखी काय घालवायचं ऱ्हायलंय का?” महानंदाबाईंनी मला विचारलं. कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळ्याच हसल्या. आठ दिवसांत गावाला माझा झालेला हा पहिला उपयोग. आठ नव्हे, चारच दिवस झाले होते, मला ते आठ वाटत होते.

महानंदाबाईंनी घरातून गळ (हरवलेला पोहरा काढायचा आकड्यांचा झुपका) आणला. दुसऱ्या दोराला बांधून आत सोडला. दोनदा टाकला, तीनदा टाकला, काही लागेना. विहीर खोल आणि आत अंधार.

“उगवतीच्या अंगाला टाक,” धुरपताबाई म्हणाल्या. “तिथं कपार हाय. खाली पडंल ते तिथंच जाऊन बसतंय.”

“तुला काय ठावं?”

“गाळाच्या पाट्या मी वाहिल्यात. माजा नवरा आत, मी वर.”

महानंदाबाईंनी गळ पूर्वेकडे टाकला. खट्टकन लागला. पोहरा दोरासकट वर आला, गढूळ पाण्यानं भरलेला. तो ओतून त्यांनी पुन्हा सोडला आणि ह्या वेळी निवळ पाणी काढलं. भरलेला पोहरा दोन्ही हातांनी उचलला. धुरपताबाईंची घागर काठावर होती. महानंदाबाईंनी पोहरा तिच्यावर कलता केला.

धुरपताबाईंनी पायानं घागर बाजूला सरकवली.

“वतू नगस,” त्या म्हणाल्या. “दोर दे.”

अप्पा पायरीवरून एक पाऊल खाली आले आणि तिथेच राहिले. महानंदाबाई भरलेला पोहरा घेऊन उभ्या. मग त्यांनी ते पाणी स्वतःच्या घागरीत ओतलं, पोहरा काठावर ठेवला आणि दोर पुढे केला. हसल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, “सांभाळून. कड घसरडी हाय.”

धुरपताबाईंनी पाणी शेंदलं. मान वळत नव्हती, म्हणून पोहरा वर आलाय का ते बघायला थोरल्या नातीला काठावर उभं केलं. घागर भरली. तेवढ्यात वरच्या अंगाची एक बाई आपली रिकामी घागर उचलून कुणाकडेही न बघता घरी निघून गेली. बाकीच्या थांबल्या. मागे थबकलेल्या दोघी पुढे आल्या. सोनकांबळे लांब जीपला टेकून उभे होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, घातला आणि परत काढून पुसला.

त्याच दिवशी पाण्याचे नमुने घेऊन नांदेडला निघालो. हापसाई तशीच तांबडी राहिली. कपडे धुवायला आणि जनावरांना कसलं पाणी द्यायचं हा प्रश्नही तसाच राहिला, कारण विहिरीत तेवढं पाणी नव्हतंच. नांदेडला हबीबभाईंच्या घरी दुपारचं जेवण झालं. त्यांच्या बायकोनं खट्टी दाल आणि बैंगन वाढलं, आणि माझ्या भाजलेल्या तळहाताला तूप लावून दिलं. “पानी का काम है तुमारा, और हात जला लिये?” त्या म्हणाल्या. सोनकांबळे विष्णुपुरीकडे जाऊन आले. तिथे गोदावरीवर धरणाचं काम चाललं होतं, ते त्यांना बघायचं होतं. मग आईला भेटायला ते मुदखेडच्या गाडीत बसले आणि मी मनमाडच्या.

पुण्यात साहेबांनी विचारलं, “कवटी कशी वाटली लोकांना?” मी म्हटलं, वायरमनला आवडली. मग मी सविस्तर लिहून दिलं. की रंग आणि चित्रं पाठवण्याआधी माणूस पाठवा. त्या गावातल्या कुणाला कुठलं पाणी कुणी कधी नाकारलं होतं, ते आधी विचारा. नाहीतर आपली धोक्याची सूचना त्यांना जुन्याच कुणाच्या तरी आवाजात ऐकू येते. आणि ऐकू येते ते त्यांचं चुकत नाही. साहेबांनी ते वाचलं आणि फायलीवर शेरा मारला, ‘तांबड्याऐवजी निळा रंग चालेल काय, विचार व्हावा.’

पावसाळ्याच्या तोंडावर सोनकांबळ्यांचं पत्र आलं. ते स्वतःहून दोनदा त्या गावी जाऊन आले होते. विहीर पंधरा-वीस दिवसांत आटली. आता दिवसाआड टँकर येतो आणि दोन्ही अंगांच्या बायका त्याच्यावर तुटून पडतात. धुरपताबाई आणि महानंदाबाई यांचं नंबरावरून असं भांडण झालं की टँकरवाला घाबरून पाइप टाकून पळाला. गाव सुधारलं असं म्हणता येणार नाही, असं त्यांनी बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांच्या अक्षरात, काटेकोरपणे लिहिलं होतं. खाली एकच ओळ होती.

‘भांडणं जोरात आहेत. रांग एकच आहे.’